गोलूपुढे वाजलेलं लोखंडी घुबड

विष्णुवर्धन नावाच्या गृहस्थाला तबकड्या नको होत्या, नुसती कव्हरं हवी होती. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. तबकड्या मागितल्या असत्या तर व्यासरावांनी सौजन्याने नकार दिला असता आणि विषय संपला असता. पण ज्या माणसाने ऐन उमेदीत पोटाला चिमटा काढून इंग्रजी रॉकचे अल्बम जमवले, त्याला कुणी घरी येऊन सांगावं की आतलं तुम्हीच ठेवून घ्या, वरचे पुठ्ठे तेवढे द्या, म्हणजे फणस पाहून काट्यांची किंमत विचारल्यासारखंच झालं.

हा विष्णुवर्धन चेन्नैत कॉफीचं दुकान काढत होता. कुंभकोणातली माणसं कॉफी पिताना नेमकी कशी दिसतात हे पाहायला तो गावात आला होता आणि शेजारच्या सतीशकुमारने त्याला व्यासरावांकडे आणलं होतं. सतीशकुमार हा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायला मोकळा असलेला माणूस. विष्णुवर्धनने कव्हरं एकेक करून पाहिली, भिंतीवर चौकटीत घालून लावली तर काय बहार येईल ते सांगितलं, आणि म्हणाला, "अंकल, आतली रेकॉर्ड काढून घ्या. वजन नको."

व्यासरावांनी चहाचा कप काहीसा आवाज होईल असा खाली ठेवला. त्यांच्या घरात याहून मोठा निषेध कुणी कधी केलेला नव्हता.

पण त्यांच्या पत्नी अंबुजाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घरातली त्यांची मराठी पुण्याच्या माणसाने ऐकली तर कुणीतरी बखर वाचून दाखवतंय असं त्याला वाटेल. पण बखरीत नसतो तेवढा मुद्देसूदपणा त्यांच्या बोलण्यात होता. तबकड्यांची लाकडी पेटी बैठकीच्या ज्या भिंतीशी होती, तीच भिंत दर नवरात्रात गोलूला लागायची. पायऱ्या लावून त्यावर बाहुल्या मांडायच्या, तर पेटीमुळे एक बाजू उंच व्हायची. दशावतारातला वामन वर्षानुवर्षं पुढे झुकलेला, जणू बळीकडे भूमी मागण्याऐवजी हरवलेलं नाणं शोधतोय.

"ठेवायचें कशास?" पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या. "पेटी उघडतां, कव्हर पुसतां, वास घेतां, परत ठेवतां. वाजवतां कधी?"

"प्लेअर बिघडलाय म्हणून."

"आपल्या विघ्नेशाचें लग्न झालें तेव्हापासून बिघडलाय. त्याचें पोर आता शाळेत जातें." मग त्यांनी निकाल दिला. "गोलूच्या पहिल्या दिवशी वाजवून दाखवा. वाजलें तर पेटी राहूं दे, वामन पडला तरी मी बोलणार नाही. नाही वाजलें तर त्या मुलास कव्हरें द्यायचीं. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"त्यास. तुम्ही कप ठेवायला आत आलांत तेव्हा."

आता त्या अल्बमांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांची खरी नावं सांगून उपयोग नाही. घरात ती कुणी वापरत नसे. अंबुजाबाईंनी लग्न होऊन आल्यावर चित्रांवरून त्यांचं बारसं केलं होतं आणि पुढे व्यासरावही मनातल्या मनात तीच नावं वापरू लागले होते. एक होतं 'जळकी शिडी'. तिची एक अख्खी बाजू एकच गिटार वाजायची, आणि ती ऐकत ऐकत व्यासरावांनी विमा कंपनीच्या परीक्षेचे तक्ते पाठ केले होते. निवृत्त होईपर्यंत चाळिशीतल्या माणसाचा हप्ता सांगायचा झाला की त्यांना आधी ती गिटार गुणगुणावी लागे. गिऱ्हाइकांना वाटे साहेब देवाचं नाव घेऊन आकडा सांगतात, आणि त्यामुळे त्यांच्या हप्त्यांवर लोकांचा विश्वास फार.

दुसरं, आणि सर्वांत लाडकं, 'लोखंडी घुबड'. मद्रासला माध्व विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत असताना जुन्या बाजारातून घेतलेलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यातल्या गायकाची पहिली किंकाळी ऐकून वॉर्डन हातात हिंग आणि कोमट पाणी घेऊन धावत आले होते. पोटशूळ कुणाला झालाय ते सांगा म्हणाले. सहा मुलं गंभीर चेहऱ्याने एका पेटीभोवती बसलेली पाहून त्यांना वाटलं सामूहिक विषबाधा आहे. या घुबडाच्या तबकडीवर दुसऱ्या बाजूला एक ओरखडा होता आणि तिथे गाणं टुणकन उडी मारून पुढे जाई. व्यासरावांना ती उडी गाण्यातलीच वाटे. अलीकडे विघ्नेशने बंगळूरहून फोनवर तेच गाणं पाठवलं, "अप्पा, हे घ्या, सगळं फोनवर आहे, पेटी कशाला," म्हणून. त्यात उडी नव्हती. मध्ये चार ओळी जास्तीच्या होत्या. व्यासरावांनी कळवलं की ही आवृत्ती भेसळीची आहे.

तर प्रश्न साधा होता. घुबड वाजलं नाही तर ते चेन्नैत कॉफी पिणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलं जाणार होतं.

माळ्यावरून प्लेअर काढला. झाकणातच स्पीकर असलेला, सुटकेससारखा बंद होणारा, त्या काळी मुलींच्या वसतिगृहासमोरून मिरवत नेता येई असा. उघडला तर सुई नव्हती, आणि तबकडी जिच्यावर ठेवतात ती फिरती ताटलीही नव्हती.

"ताटली कुठं गेली?" व्यासरावांनी विचारलं.

"कसली ताटली?"

"गोल. लोखंडी. मध्ये भोक."

अंबुजाबाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग दोघंही मागच्या अंगणात गेली. तुळशीच्या कुंडीखाली, पाणी साचू नये म्हणून, ती ताटली अनेक वर्षं सेवेला होती. उचलायला गेले तर बाकीची गंजून गेलेली, तिचा काठ तेवढा हातात आला.

"भोकातून पाणी बरोबर जायचें," अंबुजाबाई म्हणाल्या. "मज वाटलें त्याचसाठी केलीय."

तुळशीच्या कामी आलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही. व्यासरावांनी काठाचा तुकडा फुंकून ठेवून दिला.

सुईचं काम सतीशकुमारने अंगावर घेतलं. त्याने परदेशातून सुई मागवली आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की टोक अस्सल हिऱ्याचं आहे. हे त्याने फक्त व्यासरावांना सांगितलं असतं तर बरं होतं; पण विकणाऱ्यानेही पार्सलवर ते ठळक अक्षरांत छापलं होतं. पार्सल एका सरकारी कचेरीत अडकलं. तिथल्या अधिकाऱ्याने पाकिटाला हातही न लावता, टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, "दागिना आहे?"

"सुई आहे."

"नाकातली?"

"गाणं ऐकायची."

अधिकाऱ्याने व्यासरावांकडे पाहिलं. कपाळावर गोपीचंदन, हातात छत्री, वय पाहता पेन्शनर. चोरटा माल आणणारे लोक आता कुठल्या वेषात येतील याचा नेम नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. "हिरा घरातल्या कुठल्या बाईसाठी आलेला नाही, असं त्या बाईंनीच येऊन लिहून द्यायला हवं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंबुजाबाई काठाची साडी नेसून आल्या. व्यासरावांना वाटलं होतं त्यांना संकोच वाटेल. अधिकाऱ्याने कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि काही न विचारता लिहायला सुरुवात केली. विचारलं होतं एवढंच की हा हिरा आपल्यासाठी नाही. त्यांनी लिहिलं की हा हिरा माझ्यासाठी नाही, लग्न झाल्यापासून कुठलाच हिरा माझ्यासाठी आलेला नाही, आणि पुढेही येईल असं मला वाटत नाही. अधिकाऱ्याने वाचलं, उठून उभा राहिला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. व्यासराव उभेच होते.

पार्सल मिळालं. बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, "बायकोस नाही, पण घुबडास घेतलात. असूं दे. त्यास नाक तरी आहे."

परतीच्या बसमध्ये व्यासरावांनी वाटेतली शेतं बारकाईने पाहिली.

राहिली ताटली. सतीशकुमारचं म्हणणं, नाचियार्कोविलला जा. पितळेचे दिवे ओतणारे लोक आहेत, गोल वस्तू त्यांना झोपेतही जमते. समोरच्या शिवकामी मामींनीही दुजोरा दिला. या मामी निवृत्त संगीतशिक्षिका. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तरी त्यांचा हात मांडीवर ताल धरी आणि तो चुकला तर त्या त्याच्याकडून भाजी घेत नसत. "सेतूकडे जा, रायर," त्या म्हणाल्या. "आमच्या नातीच्या लग्नातला कुत्तुविळक्कु त्याचाच. एवढा मोठा दिवा, पण वाकडा म्हणून नाही." कुंभकोणात मराठी घरातल्या कर्त्या माणसाला तमिळ शेजारी रायरच म्हणतात, आणि व्यासरावांना ते सरदारी संबोधन ऐकून उगाच घोडा बाळगावासा वाटे.

सेतूने काठाचा तुकडा हातात घेतला, वर्तुळाचा अंदाज बांधला, आणि विचारलं, "वर काय?"

"वर काहीच नाही. वर तबकडी."

"तबकडीच्या वर?"

"काही नाही."

सेतूला हे पटलं नाही. त्याच्या आजोबांपासून त्यांच्या भट्टीतून जी वस्तू गेली तिच्या डोक्यावर हंस बसलेला होता. हंस नाही म्हणजे वस्तू अर्धवट, आणि अर्धवट वस्तू नवरात्राच्या तोंडावर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवली तर लोक आपल्याला काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न. व्यासरावांनी त्याला समजावलं की ही फिरणारी वस्तू आहे. सेतू म्हणाला, "फिरू दे की. हंसाला काय त्रास?" व्यासराव म्हणाले मध्ये खिळा आहे, तबकडी त्यात बसते. सेतू म्हणाला मग हंस फिरकीचा करतो, आधी तबकडी ठेवा, वरून हंस पिळून बसवा, हलणारसुद्धा नाही. व्यासरावांनी विसार मोजून दिला. विम्याच्या धंद्यात असे युक्तिवाद त्यांनी दुसऱ्यांशी केले होते, आपल्यावर पहिल्यांदाच होत होते.

आणि दिव्यांची कामं इतकी होती की ताटली सेतूने थेट गोलूच्या पहिल्या दिवशी दुपारी पाठवली. करून पाहायला वेळच राहिला नाही. कागद सोडला तर आत कमळाच्या पाकळ्यांचा काठ असलेली झळझळीत पितळी ताटली आणि मान वळवून बसलेला हंस. व्यासरावांना ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. अंबुजाबाईंनी ती पाहिली, हळद-कुंकू लावलं आणि प्लेअरसकट सरळ गोलूच्या सर्वांत खालच्या पायरीवर मांडली. डावीकडे बाहुल्यांतला वाणी चेट्टियार आणि त्याची चेट्टिच्ची, त्यांच्यापुढे तांदूळ-डाळीचं दुकान, उजवीकडे ताटलीवर हंस, आणि वर मधोमध विठ्ठल-रखुमाई हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहताहेत.

संध्याकाळी बायका आल्या. विष्णुवर्धनही आला, चौकटींची मापं घ्यायची टेप खिशात घालून; सतीशकुमारने त्याला पुढच्या रांगेत बसवलं. गोलूची रीत अशी की जी बाई येईल तिने बाहुल्यांपुढे बसून एक गाणं म्हणायचं. येत असो वा नसो, नाही म्हणायचं नसतं. गाणी झाली, विडे वाटले, आणि मग अंबुजाबाई म्हणाल्या, "आता यांचें."

व्यासरावांनी घुबडाची तबकडी काढली, फुंकर घातली, ताटलीवर ठेवली, हंस पिळून बसवला आणि बटण दाबलं.

प्लेअरची मोटर त्या काळची. तिला कागदासारखी हलकी ताटली फिरवायची सवय. आता तिच्या डोक्यावर नाचियार्कोविलचा अख्खा दिवा बसला होता. हंस निघाला, पण देवळाचा रथ निघतो तसा. हिऱ्याची सुई टेकली आणि झाकणातून आवाज आला.

तो गायक ऐन पंचविशीतला, दाढीवाला, जगावर चिडलेला पोरगा होता. झाकणातून जो बाहेर आला तो ऐंशीच्या घरातला, तोंडात विडा धरलेला, कशाचीही घाई नसलेला कुणी बुवा होता. किंकाळीची झाली दीर्घ डरकाळी, आणि गिटारीचा मंद घोष.

बायका सावरून बसल्या. एकीने हात जोडले. शिवकामी मामींनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला.

"चौक कालात घेतलंय," त्या म्हणाल्या. "हल्ली एवढं सावकाश गायला छाती लागते. कुठले हे गाणारे भागवतर?"

"ब्रिटनकडचे," सतीशकुमार म्हणाला.

"परंपरा असणार. वय फार झालेलं दिसतं, पण श्वास पाहा."

अंबुजाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्या पुढे वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "वाजलें हो. शब्द म्हणजे शब्द. पेटी राहूं दे."

विष्णुवर्धनने टेप खिशात आणखी खोल सारली.

म्हणजे व्यासराव जिंकले होते. गप्प बसायचं होतं, एवढंच. आणि व्यासराव गप्प बसण्यात कच्चे नव्हते. विमा कंपनीत त्यांनी त्या जोरावर दोन बढत्या मिळवल्या होत्या. पण समोर एक बाई चक्क घुबडाला अक्षता वाहत होती. ज्या आवाजाने एकेकाळी वसतिगृहाच्या खिडक्या बंद करायला लावल्या, त्याला लोक आजोबा समजून मान डोलावत होते. व्यासरावांना तो पोरगा आपल्याकडे बघतोय असं वाटलं, आणि तो दुखावलेला होता.

त्यांनी सुई उचलली.

"हे ते नव्हे," ते म्हणाले.

"काय नव्हे?" अंबुजाबाईंनी विचारलं.

"हे वाजलं नाही. ताटली जड झालीय. हा माणूस असा गात नाही."

"अहो, आम्ही सर्वांनी ऐकलें."

"तुम्ही दुसराच कुणी ऐकलात."

"विचार करून बोला. वाजलें नाही म्हणाल तर तो मुलगा पुठ्ठे नेणार."

व्यासरावांनी पेटीकडे पाहिलं, मग विष्णुवर्धनकडे पाहिलं. "नाही वाजलं," ते म्हणाले.

विष्णुवर्धन संकोचाने अर्धा उठला. तेवढ्यात शिवकामी मामी, ज्यांना आपण एवढा वेळ भलत्यालाच दाद दिली हे मुळीच आवडलेलं नव्हतं, म्हणाल्या, "मग कसं आहे ते म्हणून दाखवा."

"मी?"

"गोलूपुढे बसलायत. नाही म्हणायचं नसतं."

व्यासराव उभ्या जन्मात गायले नव्हते. भजनाला बसत, पण टाळ घेऊन, आणि तेही मागच्या रांगेत. त्यांनी अंबुजाबाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर प्रसादाला केलेल्या हरभऱ्याच्या सुंडलच्या पातेल्याकडे वळवली. मग व्यासरावांनी मांडी घातली, उपरणं सारखं केलं आणि प्लेअरच्या झाकणावर दोन्ही हातांनी ढोल सुरू केला.

त्यांना सगळं पाठ होतं. गायकाचं तर होतंच, गिटारींचंही होतं, आणि गिटार तोंडाने वाजवायची तर मान कुठे झटकायची तेही होतं. इंग्रजी बोल मुळातच कळले नव्हते तिथे त्यांनी मृदंगाचे बोल घातले. पहिल्या किंकाळीला चेट्टियार पायरीवरून निसटून स्वतःच्याच दुकानातल्या डाळीत पडला. कुणी उचलला नाही. मामींचा मांडीवरचा हात थबकला. त्यांनी कपाळाला आठी घातली, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि हात एकदम वेगाने चालू लागला.

"मिश्र चापू," त्या शेजारणीला म्हणाल्या. "सात मात्रा. दिसतं तसं मोकाट नाही हे. शिस्त आहे."

मग दोन-तीन बायकांनीही धरला. त्या तालावर व्यासराव जे सुटले ते दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत. थांबले तेव्हा उपरणं खांद्यावर नव्हतं, गोपीचंदन नाकापर्यंत उतरलं होतं, आणि ते मान खाली घालून दम खात होते, कारण वर पाहायचं धैर्य होत नव्हतं.

अंबुजाबाई उठल्या. गाणाऱ्या प्रत्येक बाईला दिला तसा त्यांनी द्रोणात सुंडल घातला, वर विडा ठेवला, आणि नवऱ्याच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला.

"उद्या आमच्याकडे गोलू आहे," शिवकामी मामी निघताना म्हणाल्या. "पेटी आणू नका. नुसते रायर पाठवा."

"परवा आमच्याकडे," मागून एक आवाज आला. "ह्यांच्याकडे दुसरीही आहेत ना गाणी? तीच ती नको."

विष्णुवर्धन अंबुजाबाईंकडे वळला. "मामी, मग ती कव्हरं..."

"नाही देतां येणार बाबा," अंबुजाबाई पातेलं उचलत म्हणाल्या. "त्यांस तालीम करायला लागतील. ताटली हलकी करून आणायचीय अजून." मग जरा थांबून, मोठ्या सभेच्या गायकाला विचारावं तशा अदबीने त्यांनी व्यासरावांना विचारलं, "गरम पाणी देऊं?"

"जिरं घालून," व्यासराव म्हणाले. त्यांनी उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि जाणाऱ्या बायकांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाले, "आज थोडी सर्दी होती. नाहीतर वरचा स्वर अजून चढतो."